फॅमिली मेडिसिनच्या पोस्टिंगला येताय? इंटर्न नेहमी विचारतात ते प्रश्न आणि आमची उत्तरं

इंटर्नशिपमधल्या कम्युनिटी मेडिसिनच्या बारा आठवड्यांपैकी काही आठवडे तुम्ही आमच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात काढणार आहात. इथली ओपीडी आम्ही फॅमिली मेडिसिनच्या पद्धतीने चालवतो, म्हणजे कोणत्याही वयाचा, कोणत्याही दुखण्याचा माणूस, त्याच्या घरासकट बघतो. प्रत्येक बॅच पहिल्या दिवशी थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारते, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते. येण्याआधी वाचून या.

हे तर पीएसएमचं (म्हणजे कम्युनिटी मेडिसिनचं) पोस्टिंग. यात फॅमिली मेडिसिन कुठून आलं?

साडेचार वर्षं तुम्ही वॉर्डात शिकलात. वॉर्डात पोचतो तो रुग्ण कोण असतो, याचा हिशोब केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडला. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून त्यांनी दाखवलं, की १००० प्रौढ माणसांपैकी महिन्याभरात साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात, ९ दवाखान्यात भरती होतात आणि फक्त १ जण मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयापर्यंत पोचतो. तुमचं जवळजवळ सगळं शिक्षण त्या एकावर झालंय. इथे तुम्हाला ते २५० भेटतील, आणि आशाताईंबरोबर गावात फिरलात तर ७५० मधले उरलेलेही.

या माणसांचे आजार पुस्तकातल्यासारखे पूर्ण वाढलेले नसतात. ताप कालच आलेला असतो, खोकल्याला चार दिवस झालेले असतात, पोटात ‘जरा’ दुखत असतं. यातलं बरंचसं आपोआप बरं होणारं, थोडं गंभीर. ते थोडं वेळेवर ओळखायचं, आणि बाकीच्यांना उगाच तपासण्या-औषधांत न अडकवता धीर देऊन घरी पाठवायचं. हे दोन्ही एकाच वेळी जमणं फार अवघड आहे. मला स्वतःला ते जमायला बरीच वर्षं लागली.

पहिल्या दिवशी बरोबर काय आणू?

स्टेथो, टॉर्च, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, खिशात मावेल अशी वही. पायात चालता येईल अशी चप्पल किंवा बूट. ॲप्रन स्वच्छ हवा. ओपीडी नऊला सुरू होते, तुम्ही पावणेनऊला हजर. सकाळच्या एसटीने आलेली माणसं तोवर बाकावर बसलेली असतात, आणि परतीची एसटी चुकली तर त्यांचा अख्खा दिवस जातो.

ओपीडीत मी नेमकं काय करायचं?

पहिले तीन दिवस माझ्या शेजारी बसा आणि बघा. चौथ्या दिवसापासून रुग्ण आधी तुमच्याकडे येईल. तुम्ही विचारायचं, तपासायचं, स्वतःचं मत बनवायचं आणि मग मला सांगायचं.

माझी सगळ्यात मोठी अपेक्षा इथेच सांगते: रुग्णाला पहिलं वाक्य पुरं करू द्या. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. तुम्ही घड्याळ लावून बघा. मावशी ‘गुडघे दुखतात’ म्हणून सुरुवात करतात, आपण लगेच ‘किती दिवस? चढताना की उतरताना?’ सुरू करतो. थांबलात तर दुसऱ्या मिनिटाला त्या म्हणतात, ‘आणि रात्रीची झोपच लागत नाही, पोरगं गेल्यापासून.’ आज त्या कशासाठी आल्या होत्या, ते या वाक्यात असतं.

बोलून झालं की तीन गोष्टी विचारायच्या. तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं असेल? मनात कसली भीती आहे का? आणि आज आमच्याकडून काय व्हायला हवं? तिसरा प्रश्न विचारायला इंटर्न लाजतात. लाजू नका. एका काकांना नुसतं ‘शेजाऱ्याला झाला तसला कॅन्सर तर नाही ना’ एवढंच जाणून घ्यायचं असतं, आणि आपण त्यांना तीन गोळ्या देऊन पाठवतो. भीती जशीच्या तशी राहते आणि ते पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.

केस कशी सांगायची? वॉर्डात सांगतो तशी?

नाही. दोन मिनिटांत सांगा, आणि सुरुवात माणसापासून करा. ‘५५ वर्षांची स्त्री, ताप तीन दिवस’ यापेक्षा ‘सखूमावशी, ऊसतोडीवरून परवाच आल्या, घरी सून बाळंतीण आहे, तीन दिवस ताप’ असं सांगितलंत तर माझ्या डोक्यात निदानाची यादीच वेगळी होते. मग तपासणीत काय सापडलं, तुम्हाला काय वाटतं, आणि काय करावं असं तुमचं मत आहे. ‘मला वाटतं’ म्हणायला घाबरू नका. चुकलं तर आपण दोघं मिळून बघू. मत न देता नुसती माहिती वाचून दाखवलीत, तर मात्र मी परत पाठवेन.

रुग्णाची भाषा कळत नाही. मी दुसऱ्या राज्यातून आलोय, काय करू?

हा प्रश्न फक्त अखिल भारतीय कोट्यातून आलेल्यांचा नाही. पुण्या-मुंबईत वाढलेल्या मराठी मुलांनाही इथे अडतं. वही याचसाठी आणायला सांगितली. रोज पाच शब्द लिहा.

‘उन्हाळी लागली’ म्हणजे लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं. उन्हाचा त्रास समजून ओआरएस देऊ नका. ‘अंगावरून जातं’ हे पाळीतल्या जास्त रक्तस्रावालाही म्हणतात आणि पांढऱ्या पाण्यालाही, म्हणून ‘लाल की पांढरं’ हे विचारायलाच हवं. ‘दिवस गेलेत’ म्हणजे गरोदर आहे. ‘नागीण’ म्हणजे हर्पीस झोस्टर. तिची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो असा समज आहे, त्यामुळे पुरळ बघून तुम्ही ‘किरकोळ आहे’ म्हणालात तरी समोरचा माणूस मनातून हादरलेला असतो. आधी ती भीती काढा, मग औषध सांगा.

‘जीव घाबरा होतो’ हे सगळ्यात अवघड. तो रक्तक्षय असू शकतो, थायरॉइड असू शकतं, घरातला जाच असू शकतो, मधुमेहाच्या रुग्णात साखर उतरलेली असू शकते आणि हृदयाचा झटकाही असू शकतो. मधुमेह असलेल्या वयस्कर बाईने ‘छातीत दुखत नाही, पण कसंनुसं होतंय’ म्हटलं की आधी ईसीजी काढा, पुढचं नंतर विचारा.

आणि आईने ‘बाळ दूध ओढत नाही’ असं म्हटलं, तर हातातलं काम टाकून उठा. नवजात बाळाच्या बाबतीत याहून मोठी धोक्याची खूण नाही.

हाक मारताना आजी, मावशी, ताई, काका, आबा म्हणा. वयाने मोठ्या माणसाला अरे-तुरे केलेलं मी चालवून घेणार नाही, मग समोरचा माणूस दारू पिऊन आलेला का असेना.

कोणती कौशल्यं यायलाच हवीत?

लॉगबुकात (तुमच्या कामाच्या नोंदवहीत) लांब यादी आहे, ती इथे उतरवत नाही. मी स्वतः तुमच्या मागे उभी राहून बघते त्या थोड्याच गोष्टी आहेत, आणि त्या सगळ्यांना ‘येतात’ असं वाटतं.

पहिली, रक्तदाब मोजणं. एसटी स्टँडवरून चालत आलेल्या माणसाला दारातच कफ (दाब मोजायचा पट्टा) बांधू नका. पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर. कफ उघड्या दंडावर, लांब बाहीच्या ब्लाउजवरून किंवा स्वेटरवरून नाही. मोजताना कुणी बोलायचं नाही, तुम्हीही नाही. या मोजमापावर एखाद्याला जन्मभराची गोळी लागणार असते.

दुसरी, लहान मुलाचे श्वास मोजणं. आईच्या मांडीवर, मूल शांत असताना, पोटावरचा कपडा वर करून पुरा एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाचं असेल तर ५०, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४०. श्वास या आकड्यांइतके किंवा त्याहून जास्त झाले की न्यूमोनिया धरून चालायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणलेलं चालणार नाही.

तिसरी, मधुमेहाच्या रुग्णाचे पाय बघणं. स्वतः खाली वाकून, चप्पल काढायला सांगून, बोटांच्या बेचक्यांत. शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसाला रुतलेला काटा कळत नाही, आणि महिन्याभराने तो बोट कापायच्या वेळेला येतो.

जुलाबाच्या मुलाला ओआरएसबरोबर झिंक चौदा दिवस (सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम) हे आईला समजेल असं सांगता आलं पाहिजे. कुत्रा चावला तर लशीच्या आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुणं, हे तुम्ही स्वतः नळाखाली उभं राहून करायचं. नर्सला सांगून निघून जायचं नाही.

साप-विंचवाची केस आली तर?

लगेच मला हाक मारा, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. पण मी येईपर्यंत काय करायचं हे ठाऊक हवं. सर्पदंशात बांधलेली दोरी एकदम सोडायची नाही, जखम कापायची-चोखायची नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग गोठलंय का बघायचं. घोणस आणि फुरसे रक्त गोठू देत नाहीत. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं, त्यामुळे पापण्या जड होताहेत का, गिळता येतंय का, हे पुन्हा पुन्हा बघायचं. मण्यार रात्री झोपेत चावते आणि खूण दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेला, जमिनीवर झोपणारा माणूस दिसला की तिची आठवण ठेवा.

लाल विंचवाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यातलं ज्ञान आपल्याच मातीतलं आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात रुजू झाले, तेव्हा कोकणात विंचूदंशाने मुलं दगावत होती आणि त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. त्यांनी रुग्णांजवळ बसून घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी ठेवल्या. त्या ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पुढे प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘इथे शिकण्यासारखं काय आहे’ असं तुमच्यापैकी कुणाच्या मनात आलं, तर हे लक्षात आणा. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातून उभं राहिलं आहे.

औषधं मी लिहून देऊ शकतो का?

लिहा, पण माझी सही झाल्याशिवाय कागद रुग्णाच्या हातात जाणार नाही. तुमची नोंदणी अजून तात्पुरती आहे आणि देखरेखीशिवाय उपचार करण्याची परवानगी तुम्हाला नाही. औषधाचं मूळ नाव लिहा, वाचता येईल असं. ‘एक सकाळी, एक रात्री, जेवल्यावर’ हे तोंडी सांगून त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा. आमच्या फार्मासिस्टदादांनी ही पद्धत घातली आणि ती छान चालते.

लोक सुई किंवा सलाईन मागतात. नाही म्हटलं तर चिडतात.

चिडतात, खरं आहे. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला लवकर बरं होऊन कामावर जायचं असतं, आणि ‘सुईने लवकर उतरतं’ हे त्याने वर्षानुवर्षं ऐकलंय. त्याला अडाणी ठरवू नका. त्याच्या पाठीला हात लावून नीट तपासा. ‘ताप कशाचा आहे, किती दिवस राहील, काय झालं तर लगेच परत या’ हे त्याच्याकडे बघून सांगा. माझा अनुभव असा, की नीट तपासलेला माणूस सुईचा हट्ट बहुतेक वेळा सोडतो. न तपासता नुसतं ‘गरज नाही’ म्हटलं की वाद होतो. तरीही कुणी ऐकलं नाही, तर माझ्याकडे पाठवा, स्वतः भांडू नका. वाद टाळायला म्हणून सुई दिलीत, तर मात्र मी रागावेन.

घरभेटी खरंच करायच्या का, की फक्त फॉर्म भरायचा?

खरंच करायच्या. का, ते माझ्या चुकीवरून सांगते.

मी नवी मेडिकल ऑफिसर असताना एक आजी दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या. दाब काही उतरेना. मी ॲम्लोडिपिन ५ चं १० केलं, मग दुसरं औषध जोडलं. दर वेळी विचारायचे, ‘गोळी रोज घेता ना?’ त्या म्हणायच्या, ‘रोज घेते, बाई.’ तिसरं औषध लिहायला पेन उचललं, तेव्हा आशाताई हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, एकदा त्यांच्या घरी चला.’

गेले. चुलीजवळच्या फडताळात एक पत्र्याची डबी होती. आत सगळ्या गोळ्या अडकित्त्याने अर्ध्या केलेल्या. आजोबांनाही दाबाचा त्रास होता, पायाने अधू असल्यामुळे त्यांना केंद्रापर्यंत येता येत नव्हतं. म्हणून आजी अर्धी गोळी स्वतः घ्यायच्या आणि अर्धी त्यांना द्यायच्या. खोटं त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. गोळी रोज घेत होत्या, मी ‘पुरी घेता का’ असं विचारलंच नव्हतं. आजोबांचा कागद त्याच दिवशी काढला, त्यांच्या गोळ्या आशाताईंबरोबर घरपोच जाऊ लागल्या, आणि दोन महिन्यांत आजींचा दाब पहिल्याच औषधावर ताब्यात आला.

तेव्हापासून नियम केलाय: दाब किंवा साखर ऐकत नसेल, तर डोस वाढवण्याआधी घर बघायचं. तुम्हाला प्रत्येकाला पाच कुटुंबं मिळतील. चूल कुठे आहे, धूर कुठून जातो, पाणी कोण भरतं, घरात मिश्री कोण लावतं, म्हाताऱ्या माणसाला रात्री लघवीला कुठे जावं लागतं, हे बघून या. चहा दिला तर घ्या.

आशाताई आणि एएनएम (आरोग्यसेविका) यांच्याशी कसं वागायचं?

त्या तुमच्या शिक्षिका आहेत असं समजून. घरी येऊन नवजात बाळाला बघण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली, आणि त्यातून बालमृत्यू किती कमी होतात हे १९९९ साली जगापुढे आलं. आज देशभर आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा वेळा घरी जाऊन बघतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. एका तरी भेटीला बरोबर जा. बाळाचं वजन करताना, तापमान घेताना त्यांचे हात बघा.

बायकांची तपासणी, खासगी गोष्टी?

पुरुष इंटर्नने स्त्री रुग्णाला तपासताना नर्स किंवा एएनएम खोलीत हवीच. पडदा ओढायचा, काय करणार ते आधी सांगायचं, विचारून हात लावायचा. सासूला किंवा नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवायला शिका. बाईने एकटीने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय नवऱ्याला सांगायचं नाही. अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर असेल, अंगावर माराच्या खुणा असतील किंवा कुणी जीव द्यायचं बोललं असेल, तर एकट्याने काही ठरवू नका. त्याच मिनिटाला मला सांगा.

पुढे कधी पाठवायचं?

शंका आली की विचारा, मी कधीच ‘एवढ्यासाठी विचारलंस?’ म्हणणार नाही. पाठवताना १०८ ला फोन, गरोदर बाईसाठी १०२, आणि बरोबर नीट चिठ्ठी: काय सापडलं, किती वाजता काय दिलं, कशाची शंका आहे. ‘पुढील उपचारासाठी’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी मी फाडून परत लिहायला लावते. आणि संध्याकाळी नातेवाइकांना फोन करून पोचले का, काय झालं, हे विचारायचं. हा फोन तुमच्या मूल्यमापनात धरला जातो.

नीट पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या) अभ्यासाला वेळ मिळेल का?

मिळेल. संध्याकाळ तुमची आहे, खोलीत टेबल-दिवा आहे, रेंज बरी आहे. तुमच्यावर किती ताण आहे हे मला माहीत आहे. पण ओपीडीत मांडीवर मोबाइल ठेवून प्रश्न सोडवायचे नाहीत. समोरच्या माणसाला ते दिसतं, आणि लागतं.

रजा, हजेरी, लॉगबुक?

वर्षभरात एकूण १५ दिवस रजा, तीही आधी सांगून. लॉगबुक त्याच दिवशी भरायचं. शेवटच्या आठवड्यात एकगठ्ठा सह्या मिळणार नाहीत.

माझ्याकडून चूक झाली तर?

लगेच सांगा. औषध चुकलं, डोस चुकला, काही विचारायचं राहिलं, काहीही असो. गाडी काढून रुग्णाच्या घरी जाऊ, चूक सुधारू. सांगितलेल्या चुकीबद्दल आजवर मी एकाही इंटर्नचे गुण कापलेले नाहीत. लपवलेली चूक मात्र रुग्णाच्या अंगावर जाते.

पुढे यातच शिक्षण घेता येतं का?

हो. फॅमिली मेडिसिनमध्ये तीन वर्षांचं डीएनबी (पदव्युत्तर पदवी) आहे. एमडीही आहे, देशात त्याची सुरुवात कालिकतच्या सरकारी मेडिकल कॉलेजात झाली. जागा अजून फार थोड्या आहेत. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हे अभ्यासक्रम वाढवावेत असं म्हटलं होतं, आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण हा विषय घ्या किंवा नका घेऊ, महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकलेल्या तुमच्यातल्या बहुतेकांना वर्षभराची बंधपत्रित सेवा, म्हणजे करारानुसार करावी लागणारी सरकारी नोकरी, आहे. तेव्हा एखाद्या केंद्रात, साधारण तीस हजार लोकांसाठी, डोंगराळ भागात वीस हजारांसाठी, रात्री तुम्ही एकटे असाल. तेव्हा शेजारी मी नसेन, म्हणून आत्ता इतकी मागे लागते.

शेवटच्या दिवशी काय करायचं?

तुमची पाच कुटुंबं पुढच्या इंटर्नच्या हवाली करायची. कागदावर नाही, प्रत्यक्ष घरी नेऊन. ‘आजी, आता माझ्याऐवजी ही येणार’ असं सांगायचं, औषधांची डबी कुठे असते ते तिला दाखवायचं. मग वही माझ्याकडे आणा. त्यात कुणाची कोणती गोष्ट अर्धी राहिली आहे, कुणाचा थुंकीचा रिपोर्ट यायचाय, कोणत्या ताईची तारीख जवळ आलीय, याची यादी हवी. ती वाचून झाली की मी लॉगबुकावर सही करते.